मिनी म्हणे ‘सवलतीवर’ जिंकली!

जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: साठच्या दशकात मिनी कूपरने माँटे कार्लो रॅली जिंकली ती हँडिकॅपच्या, म्हणजे छोट्या इंजिनाला मिळणाऱ्या सवलतीच्या गणितामुळे आणि बर्फाच्या कृपेने, १९६६ साली तर मिनीचा संघ दिव्यांत लबाडी करताना पकडला गेला, एरवी ही बाजारहाटाची, बायकांची गाडी, आणि हँडिकॅप जाताच मिनीही संपली. खाली लाल-पांढऱ्या मिनीचा बर्फातला फोटो आणि शंभरेक अंगठे.

हँडिकॅपचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात निम्मं तथ्य आहे. या रॅलीत गाड्या युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघून माँटे कार्लोला येत; १९६४ साली चालक पॅडी हॉपकर्क आणि सहचालक हेन्री लिडन मिन्स्कहून निघून १०७१ सीसीच्या मिनी कूपर एसमधून जिंकले. निव्वळ घड्याळ पाहिलं तर बो युंगफेल्टची व्ही-८ इंजिनाची फोर्ड फाल्कन जास्त वेगवान होती. इंजिनाच्या आकाराचा गुणक लावल्यावर ती दुसरी आली. हे मिनीच्या चाहत्यांनी मोकळेपणाने मान्य करावं. युंगफेल्टचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, हा त्याच्यावर अन्यायच आहे. पण तो नियम मिनीसाठी केलेला नव्हता, आणि सगळ्याच छोट्या गाड्यांना त्याचा लाभ होता. त्यांतून पहिली कोण आली, हा प्रश्न उरतोच.

शिवाय १९६५ चं काय करायचं? त्या वर्षी असा बर्फ पडला की २३७ गाड्यांपैकी जेमतेम ३५ वेळेत माँटे कार्लोला पोचल्या. वाटेत एकही दंडगुण न घेतलेला एकच जण होता, स्टॉकहोमहून निघालेला टिमो मॅकिनेन. शेवटच्या रात्रीच्या सहा टप्प्यांपैकी पाचांत सर्वांत कमी वेळ त्याचाच. इथे गुणकाची गरज कुठे पडली? दुसरा आलेला ऑयगेन ब्योरिंगर पोर्शे ९०४ मध्ये होता.

“म्हणजे बर्फामुळेच ना!” हो, पण बर्फ सगळ्यांवर पडतो. तो मिनीला मानवला याची कारणं गाडीच्या पोटात आहेत. ॲलेक इसिगोनिसने १९५९ च्या मिनीत इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्याच खाली, त्याच तेलात ठेवला. हेतू शर्यतीचा नव्हता. सुएझ कालव्याच्या संकटानंतरच्या पेट्रोलटंचाईत दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसवायची होती. पण त्यामुळे बरंचसं वजन पुढच्या, ओढणाऱ्या चाकांवर आलं आणि चारही चाकं पार कोपऱ्यांत गेली. बर्फावर पकड मिळते ती अशा गाडीला. १९६२ आणि १९६३ ची माँटे ज्या साब ९६ ने जिंकली, तीही पुढच्या चाकांनी ओढली जाणारीच होती.

त्यावर फिनलंडच्या मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन यांची चालवण्याची तऱ्हा. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबून ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक मारायचा. मागची चाकं सुटतात, पुढची ओढत राहतात, नाक वळणात घुसतं. आणि टप्पा सुरू होण्याआधी संघाचीच माणसं कुठे बर्फ गोठलाय, कुठे रस्ता कोरडा आहे ते पाहून येत, त्यावरून टायर ठरत. याला नशीब म्हणणाऱ्यांनी रात्री माँटेच्या वाटेवरच्या तूरिनी घाटात एकदा जाऊन पाहावं.

‘बायकांची गाडी’ हा टोमणा तर फारच भोवतो. मिनी कूपरचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय विजय पुरुषाचा नाहीच. १९६२ ची ट्यूलिप रॅली पॅट मॉस आणि ॲन विस्डम या दोघींनी जिंकली, हॉपकर्कच्या माँटेच्या दोन वर्षं आधी.

आता १९६६. त्या वर्षी आयोजकांनी नियम असे बदलले की जवळजवळ शोरूममधल्यासारख्या, ‘ग्रुप १’ च्या गाड्यांनाच अनुकूल व्हावेत. मिनी त्याच गटात उतरली, आणि पहिली, दुसरी, तिसरी आली: मॅकिनेन, आल्टोनेन, हॉपकर्क. मग तपासणी झाली. यंत्रांत काही सापडलं नाही. सापडले ते हेडलाइटचे बल्ब. एकाच फिलामेंटचे क्वार्ट्झ आयोडीन बल्ब, त्यामुळे डिपर त्याच दिव्यात नाही, तर फॉगलॅम्पवर जायचा. आयोजकांनी हे नियमबाह्य ठरवलं. प्रखर दिव्याचा रात्री उपयोग होतो, हेही खरं. पण ही मिनीची लबाडी असेल, तर चौथी आलेली रॉजर क्लार्कची फोर्ड आणि महिलांचा चषक जिंकलेल्या रोझमेरी स्मिथची हिलमन इम्प त्याच दिव्यांपायी का बाद झाल्या? नियमाचं उल्लंघन आणि फसवणूक यांत फरक असतो. इथे तर नियमाच्या अर्थावरूनच वाद होता. अपील फेटाळलं गेलं, एवढं नोंदवायला हवं. पण सित्रोएनच्या पाउली टॉयव्होनेनला बहाल झालेला पहिला क्रमांक त्यालाही रुचला नव्हता, आणि मोनॅकोचे प्रिन्स रेनिए बक्षीस समारंभाला थांबलेच नाहीत.

पुढच्याच वर्षी आल्टोनेन आणि लिडन यांनी लान्चियाच्या ऊव्हे अँडरसनला १३ सेकंदांनी मागे टाकून माँटे जिंकली. मजकुरात १९६७ चा उल्लेखच नाही, हे मला मजेशीर वाटतं.

राहिला मिनी ‘संपल्याचा’ दावा. १९६८ ला व्हिक एलफर्डची पोर्शे ९११ जिंकली, दुसरीही पोर्शेच, तीत तोच टॉयव्होनेन. मिन्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. जमाना बदलत होता हे खरंच, आणि संघालाही ते कळत होतं. त्याच वर्षअखेरच्या लंडन-सिडनी मॅरेथॉन या मोटार-शर्यतीला हॉपकर्क आणि आल्टोनेन मिनीऐवजी मोठ्या ऑस्टिन १८०० घेऊन निघाले. काबूल, दिल्ली करत मुंबईला आले, तिथून गाड्या बोटीवर चढल्या, आणि हॉपकर्क सिडनीला दुसरा पोचला.