संत्र्याचा ढीग, तेरावं फळ अन् आठ मिती

मोबाईल उघडला की "गणित झालं एकदम सोपं" वाला एक तरी व्हिडिओ समोर येतोच. ११ ने गुणायची ट्रिक, वर्ग काढायची ट्रिक, दोन सेकंदात उत्तर, लाईक करा शेअर करा. करा बाप्पा, तलाठी भरतीच्या पेपरात कामी पण येतं ते. पण याला "अवघड गणित लोकांपर्यंत पोचवणं" म्हणू नका. गणितातून "का" काढून टाकला की मागं जे उरते ते कॅल्क्युलेटर आपल्यापेक्षा बरं करते.

कापरेकर मास्तरांचं ६१७४ घ्या. देवळालीच्या शाळेत शिकवणारा माणूस, पण नाव जगभर गेलं. चार अंकी कोणताही आकडा घ्या (चारही अंक सारखे नकोत, अन् वजाबाकीत तीनच अंक आले तर पुढं शून्य धरा), अंक आधी उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा, जे आलं त्याचं परत तेच करा. फार फार तर सात वजाबाक्या, ६१७४ येते म्हणजे येते, अन् पुढं तिथून हलतच नाही. व्हिडिओ इथं संपतो, मागून म्युझिक वाजतं, "आहे ना चमत्कार!" अरे पण मजा तर याच्यापुढं सुरू होते. ०००० पासून ९९९९ पर्यंत आकडे दहाच हजार, अन् प्रत्येकाच्या पुढं कोण येणार ते ठरलेलं, म्हणजे वजाबाक्या करत राहिलं तर कधी ना कधी आधी येऊन गेलेला आकडा परत येणारच, अन् एकदा आला की तेच चक्र सुरू. थोडा दम धरला तर हे आठवीतल्या पोट्ट्याला स्वतःहून सुचतं. मग पुढचा प्रश्न, ते चक्र एकाच आकड्याचं कशावरून? दोन अंकी घेऊन बघा: ०९, ८१, ६३, २७, ४५ अन् परत ०९. हे तर फिरतच राहतं. तीन अंकी मात्र ४९५ वर थांबतं. म्हणजे थांबणं काही आपोआप होत नाही, तपासावं लागतं. हा शेवटचा भागच कोणी दाखवत नाही.

दुसऱ्या टोकाला विद्वान मंडळी. त्यांचं म्हणणं, उच्च गणित सामान्य माणसाच्या डोक्यावरून जाणार. मी तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीला शिकवतो, माझा अनुभव तसा नाही. अवघड आहे म्हणून लोक पळत नाहीत, प्रश्न काय आहे हेच कोणी सांगत नाही म्हणून पळतात.

आमचा भाग संत्र्याचा, वरूड-मोर्शीकडचा. ढीग कसा लावायचा हे इथं कोणाला शिकवावं लागत नाही. खालचा थर असा की एका फळाला सहा चिकटलेली, वरचा थर त्यांच्या मधल्या खळग्यात. ग्रहांच्या कक्षांचे नियम काढणाऱ्या केप्लरनं १६११ मध्ये लिहून ठेवलं की सारख्या गोळ्यांची याच्याहून दाट रचना होऊच शकत नाही. अशा ढिगात ७४ टक्क्यांच्या जराशी वर जागा भरते, बाकी हवा. (आपलं संत्रं पूर्ण गोल नसते, देठाकडं उचललेलं असते, मान्य. गोल धरा.) हे वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे तं आमच्या बगीच्यातला गडीबी करते, याच्यात सिद्ध काय करायचं?"

लाख रुपयाचा प्रश्न! सिद्ध हे करायचं की याच्याहून भारी ढीग कोणीच, कधीच, कसाही वेडावाकडा रचला तरी लागणार नाही. नीट ओळीतल्या, सगळीकडं सारख्याच रचना तेवढ्या धरल्या तर गाऊस या जर्मन गणितज्ञानं १८३१ मध्ये ते दाखवलं. पण वेड्यावाकड्या रचनांचं काय? तिथंच तर गाडी फसली.

किती फसली ते घरी बसून कळते. एका संत्र्याला जास्तीत जास्त किती संत्री टेकू शकतात? ढिगात बघा, बाजूला सहा, वर तीन, खाली तीन, झाली बारा. पण ही बारा जरा सरकवून लावली तर मधात एवढी फट राहते की वाटतं तेरावं पण घुसेल. १६९४ मध्ये न्यूटन अन् गणितज्ञ ग्रेगरी यांची यावरच चर्चा झाली, न्यूटन बारावर ठाम, ग्रेगरीला तेरावं बसेल असं वाटत होतं. बाराच बसतात याची पक्की सिद्धता आली १९५३ साली. अडीचशे वर्षं एका तेराव्या फळासाठी!

ढिगाचं त्याहून उशिरा. १९९८ मध्ये थॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञानं सिद्धता दिली, पण तिच्यात कॉम्प्युटरचं गणित एवढं की तपासायला बसलेल्या बारा जणांनी शेवटी सांगितलं, ९९ टक्के खात्री आहे. आता ९९ टक्क्यावर आपण बियाणं घेतो, गणितात ते चालत नाही. मग हेल्सनं अन् त्याच्या सोबत्यांनी पायरी न् पायरी कॉम्प्युटरकडूनच तपासून घेतली, ते काम २०१४ ला संपलं. एका पोट्ट्याच्या बाबांना हे सांगितलं तर म्हणे, "म्हंजे एवढे वर्ष खपले, अन् ढीग तं आपलाच बरोबर निघाला!"

आता खरी परीक्षा, आठ मिती (लांबी, रुंदी, उंची या तीन, तशा आठ). इथं सगळे हात वर करतात, "कल्पनाच करता येत नाही". करायचीच कशाला? मृदा आरोग्य पत्रिका काढा. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह असे १२ आकडे असतात तिच्यावर, म्हणजे तुमचं वावर हा बारा मितीतला एक बिंदू झाला, शेजाऱ्याचं वावर दुसरा बिंदू, अन् दोघांतलं अंतर काढायचं तर तेच पायथागोरस, प्रत्येक आकड्यातला फरक घ्या, वर्ग करा, सगळे मिळवा, वर्गमूळ काढा (एककं वेगवेगळी आहेत हे मला पण दिसतं, ते नंतर भांडू). अंतर आलं की गोळा आला: एका बिंदूपासून ठरलेल्या अंतराच्या आतले सगळे बिंदू. गोळा आला की ढिगाचा प्रश्न आला.

आठ मितीत उत्तर २०१६ मध्ये युक्रेनच्या मरीना व्याझोव्स्कानं काढलं, अन् लगेच चार सोबत्यांसोबत २४ मितीतलं पण. गणितातला सगळ्यात मानाचा पुरस्कार, फील्ड्स मेडल, २०२२ मध्ये तिला मिळालं. आठ मितीत सगळ्यात दाट रचना केली तरी जागा जेमतेम पाव भरते, हे ऐकून पोट्टे उडालेच. आणि हे नुसतं डोक्याला खाद्य नाही, २४ मितीतल्या त्या रचनेशी नातं असलेला कोड वापरून व्हॉयेजर यानांनी गुरू अन् शनीचे रंगीत फोटो पाठवले, वाटेत आकडे खराब झाले तरी इथं दुरुस्त करता यावेत म्हणून.

व्याझोव्स्काच्या सिद्धतेत मॉड्युलर फॉर्म (एका खास प्रकारची सममिती असलेली फलनं) येतात. ते मी वर्गात सांगत नाही, मला पण ते वरवरच येतं. पण तसं स्पष्ट सांगतो, की इथपर्यंत आलो, पुढं जायचं तर कॉम्प्लेक्स अॅनालिसिस (संमिश्र संख्यांच्या फलनांचं गणित) शिकावं लागते, ते बी.एस्सी.-एम.एस्सी.ला भेटते. पोरं रागवत नाहीत त्याच्यावर. त्यांना राग येतो तो "एवढं सोपं, तरी समजलं नाही?" या वाक्याचा.

"सर, हे पेपरात येते का?" हा प्रश्न ठरलेला, अन् उत्तर पण ठरलेलं, नाही येत. सीईटीला नाही, बोर्डाला नाही. एक तास जातो, तेवढा मी घेतो, ज्याला पोर्शनचं टेन्शन असेल त्यानं मागं बसून प्रॉब्लेम सोडवावेत.

त्याच तासाला एकीनं विचारलं, चार मितीत किती टक्के मग? म्हटलं, तिथली सगळ्यात दाट रचना कोणती ते अजून कोणालाच सिद्ध करता आलं नाही. "आठचं निघालं अन् चारचं नाही? काहून?" कारण याच्याहून जास्त जागा भरूच शकत नाही अशी वरची एक मर्यादा काढायची पद्धत आहे, आठ अन् चोवीस मितीत माहीत असलेली रचना त्या मर्यादेला अगदी बरोबर जाऊन टेकते, चारमध्ये मधात फट राहते. ती फट अजून तशीच आहे.