डोळा लागतानाचा झटका: मेंदू कुणालाही मरणातून परत आणत नसतो

नागपुरातील आमच्या मनीषनगरच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात एक संदेश आला आणि दोन दिवसांत तोच मला आणखी तीन नातेवाइकांकडून मिळाला. त्यातील दावा थोडक्यात असा: झोप लागताना हृदयाचे ठोके आणि श्वास इतके मंदावतात की माणूस मरत आहे असे मेंदूला वाटते, म्हणून तो शरीराला झटका देऊन त्याला वाचवतो, असे झटके वारंवार येणे हे हृदय कमजोर असल्याचे आणि शरीरात मॅग्नेशियम कमी झाल्याचे लक्षण आहे, तेव्हा आजच गोळ्या सुरू करा. आमच्या शेजारच्या काकूंनी हे वाचल्यापासून झोपेचा धसकाच घेतला, म्हणून हे उत्तर लिहावे लागत आहे.

पहिल्या विधानातील चूक कळण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही; झटका येतो कधी, एवढे पाहिले तरी पुरे. पायरी चुकल्यासारखे किंवा विहिरीत पडल्यासारखे वाटून पाय उडतो तो डोळा लागता लागता, म्हणजे जाग आणि झोप यांच्या सीमेवर, पहिल्या हलक्या टप्प्यात. त्या वेळी ठोके आणि श्वास थोडेसेच उतरलेले असतात. ते खरे मंद होतात ते पुढे, गाढ झोपेत, जी रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात सर्वाधिक असते. मंद ठोक्यांना घाबरून मेंदू झटका देत असता, तर सर्वाधिक झटके त्या गाढ झोपेत यायला हवे होते, आणि नेमके तेव्हाच हे झटके येत नाहीत. शिवाय नियमित लांब पळणाऱ्या अनेकांची नाडी जागेपणीही मिनिटाला पन्नासच्या खाली असते. या हिशेबाने त्यांनी दिवसभर दचकत राहायला हवे.

श्वास खरोखर अडकून रक्तातील प्राणवायू घटण्याचा एक विकार आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा त्याचीच सरमिसळ केली असावी. त्यात माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबतो, गुदमरून जाग येते आणि हे रात्रभर पुनःपुन्हा घडते. घरातील कुणाचे असे होत असेल तर तपासणी जरूर करावी; पण डोळा लागताना एकदा पाय उडणे म्हणजे तो विकार नव्हे.

मग झटका येतो तरी कशाने? मेंदूच्या देठात जागे ठेवणाऱ्या पेशींचे जाळे असते आणि हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागात झोप आणणाऱ्या पेशींचा एक समूह असतो. दोघे एकमेकांना दाबून धरतात आणि झोप लागताना कारभार पहिल्याकडून दुसऱ्याकडे जातो. हा बदल दर वेळी सुरळीत होतोच असे नाही. स्नायू सैल पडत असताना जागृतीच्या जाळ्यातून एखादा चुकार संदेश मज्जारज्जूकडे सुटतो आणि सेकंदाच्या अंशभरासाठी स्नायू आकसतात, असे आजचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. याच टप्प्यात स्वप्नांचे तुकडे सुरू झालेले असतात, त्यामुळे शरीराच्या हिसक्याभोवती मेंदू क्षणार्धात पडण्याची गोष्ट रचतो. (झाडावर झोपणाऱ्या आपल्या पूर्वजांना खाली पडण्यापासून वाचवण्यासाठी हा झटका निर्माण झाला, ही कल्पनाही लोकप्रिय आहे. ती कल्पना म्हणूनच वाचावी.)

यात नवे काही नाही. झोपेचे अभ्यासक इयन ऑस्वल्ड यांनी १९५९ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात अशा झटक्यांवर लेख लिहिला होता, आणि सुमारे ६० ते ७० टक्के लोकांना कधी ना कधी हा अनुभव येतो असे मानले जाते. एवढ्या लोकांचे हृदय कमजोर ठरवायचे, तर तो शब्दच निरर्थक होतो. झटक्यानंतर छातीत धडधडते हे खरे, परंतु ती दचकण्याची परिणती आहे; संदेशाने परिणामालाच कारण करून टाकले आहे.

मॅग्नेशियमचा मुद्दा त्याहून लंगडा आहे. त्याची खरी कमतरता असली तर पेटके येतात, हात कापतात, स्नायू दिवसाही फडफडतात. ती झोपेच्या उंबरठ्यावर एकदाच दर्शन देऊन जात नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे, आणि संदेशात त्याबद्दल अवाक्षर नाही.

डॉक्टरांना दाखवण्याजोगे झटके वेगळे असतात. सकाळी उठल्यावर हात उडून कप किंवा ब्रश हातातून पडतो, असे किशोरवयीन मुलात पुनःपुन्हा होत असेल तर तो फेफऱ्याचा एक प्रकार असू शकतो. झटक्यासोबत जीभ चावली गेली, शुद्ध हरपली किंवा अंथरुणात लघवी झाली, तर थांबू नये.

झटके वाढवणाऱ्या गोष्टी मात्र अगदी घरगुती आहेत: जागरण, ताण, रात्री उशिराचा जोरकस व्यायाम आणि कॅफिन. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे रात्री दहाला टपरीवर घेतलेला कडक चहा पहाटेपर्यंत पुरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि कूलरही दमट गरम हवा फेकू लागला की नागपुरात कुणाची झोप पुरी होते?

काकूंचे नेमके हेच झाले होते. झोपेत मरू या भीतीने त्या जागत राहिल्या, जागता यावे म्हणून चहा पीत राहिल्या, आणि पहाटे थकून डोळा लागला की पूर्वीपेक्षा जोराचा झटका येऊ लागला, ज्याने संदेश खराच असल्याची त्यांची खात्री पटली. आता रात्रीचा चहा बंद आहे. झटका अजून अधूनमधून येतो, तेव्हा त्या कूस बदलतात आणि झोपतात.