औषध छांग-अनं चोरलंच होतं

कोजागिरीला मसाला दुधाच्या फोटोखाली हा मजकूर येतोच: "चीनमध्येही आज कोजागिरी! चार हजार वर्षांपासून तिथे चंद्रदेवी छांग-अची पूजा होते. नवऱ्याचं अमृत चोराच्या हाती लागू नये म्हणून ही पतिव्रता ते स्वतः प्यायली नि चंद्रावर गेली. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिला पाहिलं." (पेपरात 'चांग-ई' छापतात ती हीच.)

'आज' म्हणाल तर चीनचा सण त्यांच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेचा. बहुतेक वर्षी तेव्हा आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमा असते, पितृपक्षाच्या तोंडावर. २०२३ साली तो २९ सप्टेंबरला झाला, आपली कोजागिरी २८ ऑक्टोबरला. २०२५ मध्ये त्यांचा अधिक महिना आला आणि दोन्ही ६ ऑक्टोबरला पडले, एवढंच.

खरी गंमत पतिव्रतेची आहे. इ.स.पू. १३९ च्या सुमाराच्या 'ह्वायनानत्झ' या ग्रंथात सरळ लिहिलंय: तिचा नवरा, धनुर्धर यी, यानं 'पश्चिमेची राणीमाता' या देवीकडून अमरत्वाचं औषध मिळवलं, हिनं ते चोरलं आणि चंद्रावर पळाली. चोर बाहेरचा नव्हताच. पुढे दुसऱ्या शतकात ज्योतिषी झांग हंगच्या नावावरच्या मजकुरात तर चंद्रावर जाऊन तिचा बेडूक होतो! चीनमधल्या छांगशा शहराजवळच्या मावांगद्वीत १९७२ साली उघडलेल्या थडग्यातलं रेशमी चित्र बघा. चंद्रकोरीवर ऐसपैस बसलेला बेडूक, वर छोटासा ससा. ससा आपल्याला नवा नाही, 'शशांक' आपण उगाच म्हणत नाही. पण बेडूक? तो फॉरवर्डमध्ये कुणाला नको असतो. नवव्या शतकातला कवी ली शांगयिनही म्हणतो, औषध चोरल्याचा तिला पस्तावा होत असेल, रात्रीमागून रात्री. औषध लुटायला आलेल्या, यीच्या दुष्ट शिष्याची गोष्ट नंतरची. ती सांगायला माझी हरकत नाही, फक्त तीच 'मूळ' म्हणून खपवू नका.

अपोलोचं म्हणाल, तर २० जुलै १९६९ ला, चंद्रावर उतरायच्या आधी, ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून यानाला पेपरातले मथळे वाचून दाखवत होते. त्यात होतं, तिथे चार हजार वर्षं एक चिनी सुंदरी राहते, सोबत मोठा ससाही आहे, बघा दिसते का. यानातून उत्तर गेलं, बरं, ससेवाल्या पोरीवर लक्ष ठेवतो. थट्टा ती. चार हजारांचा आकडाही तिथलाच दिसतो.

छांग-अ आणि ससा जोडीनं चंद्रावर उतरले ते डिसेंबर २०१३ मध्ये: छांग-अ ३ हे यान आणि त्याच्या पोटातली युथू, म्हणजे 'जेडचा ससा' नावाची, सहा चाकांची गाडी.