गिटारचा स्वर न उतरवता मेटल संगीताचा सराव : आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आमच्या गिटारवर्गाला दोन तारे देताना आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मेटल शिकवण्याच्या नावाखाली गिटारच्या तारा सैल करून तिचा स्वर खाली उतरवू दिला नाही आणि गाण्यांचाच स्वर सॉफ्टवेअरने वर चढवून दिला, हा पहिला. घरी तशाच सॉफ्टवेअरवर सराव करताना आवाज उशिरा येत होता, हा दुसरा. महाविद्यालयातील कार्यक्रमात ड्रॉप सी ट्यूनिंगवर (सहावी, सर्वांत जाड तार सी वर आणि बाकीच्या पूर्ण स्वर खाली) वाजवताना तारा इतक्या सैल पडल्या की रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, बेसूर झाला, हा तिसरा. आक्षेप नेमके आहेत, म्हणून उत्तरही तपशिलाने देत आहे.

आपल्या तुकडीने निवडलेली मेटल बँडांची गाणी पाहावीत. स्लेअरचे गाणे अर्धा स्वर खाली, डेथचे पूर्ण स्वर खाली, सिस्टम ऑफ अ डाउनचे ड्रॉप सीमध्ये आणि स्लिपनॉटचे त्याहून अर्धा स्वर खालच्या ड्रॉप बीमध्ये आहे. तासाभरात ही चारही मूळ ट्यूनिंगवर घ्यायची, तर दर गाण्याला सहाही तारा उतरवाव्या लागतील, ताण बदलल्यामुळे गिटारची मान किंचित हलेल आणि ट्यूनिंग स्थिरावेपर्यंत तास संपत येईल. त्यातून आपल्या गिटारला फ्लॉइड रोझ ब्रिज, म्हणजे तारा अडकवण्याची हलती पट्टी, आहे. तो तारांचा ताण आणि मागील स्प्रिंगांचा ताण यांच्या समतोलावर तरंगतो, त्यामुळे एक तार उतरवली की उरलेल्या पाच आपोआप चढतात, आणि नटची (मानेच्या टोकाशी तारा धरणाऱ्या पट्टीची) कुलुपे उघडून सगळे पुन्हा जुळवावे लागते. विद्यार्थ्याने ट्यूनरकडे बघत बसण्याचे शुल्क घेणे मला पटत नाही.

म्हणून आम्ही गाणे सरकवतो. स्केलचेंजर पेटीत पट्ट्या सरकवल्या की बोटे त्याच जागी राहतात आणि स्वर तेवढा बदलतो. येथे तोच बदल गाण्याच्या बाजूने होतो. पूर्ण स्वर खाली असलेले गाणे दोन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे अर्धा स्वर) चढवले की ते नेहमीच्या ट्यूनिंगमधील गिटारवर त्याच पडद्यांवर आणि त्याच मोकळ्या तारांवर बसते. मात्र सॉफ्टवेअर सगळे स्वर सारखेच सरकवते, तारांमधील परस्परांचे अंतर बदलत नाही. त्यामुळे ड्रॉप सीच्या गाण्यासाठी सहावी तार ई वरून डी वर हातानेच उतरवावी लागते, आणि मग गाणे दोन सेमीटोन चढवता येते. ड्रॉप बीसाठी तीन. हे आम्ही सुरुवातीलाच शिकवतो. तेवढ्या एका तारेसाठी आपल्या ब्रिजने किती त्रास दिला हे आपणही पाहिले आहे, तेव्हा ‘गिटार उतरवू दिलीच नाही’ हे विधान मला मान्य नाही.

चढवलेल्या गाण्यात काहीतरी हरवते, हे आपले निरीक्षण मात्र बरोबर आहे. गायकाचा आवाज पातळ होतो, झांजा फिसकटतात आणि बेसचे वजन कमी होते. याच कारणाने आम्ही तीन सेमीटोनांच्या पलीकडे जात नाही, आणि शक्य असेल तेथे ड्रम्सचा ट्रॅक वेगळा काढून तो मूळ स्वरूपातच ठेवतो, कारण ड्रम्सना चढवण्याची गरजच नसते.

घरी आवाज उशिरा येण्याचे कारण वेगळे आहे. वर्गात आम्ही आधीच तयार केलेली गाण्याची फाइल वाजवतो, त्यामुळे विलंबाचा प्रश्नच उद्भवत नाही. आपण घरी गाणे मूळ ठेवून गिटारचा आवाज चालू वादनात खाली उतरवत होता. सर्वांत खालच्या ई तारेचे कंपन सेकंदाला सुमारे ८२ असते, म्हणजे एका कंपनालाच सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, आणि ते पुरेसे ऐकल्याशिवाय सॉफ्टवेअरला स्वर नीट सरकवता येत नाही. त्यावर लॅपटॉपच्या साध्या साउंड कार्डाचा विलंब वाढला की वेगवान पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणे) अशक्य होते. ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारे यंत्र) घ्यावा, बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवतो तो आवाजाचा तुकडा, लहान ठेवावा आणि बंद हेडफोन वापरावेत, नाहीतर तारांचा खोलीतील मूळ स्वर उतरवलेल्या स्वराला येऊन धडकतो. स्वर बदलणारा प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या परिणामाच्या, आधी लावावा. नंतर लावल्यास आधीच एकमेकांत मिसळलेला आवाज सरकतो आणि नुसता चिखल ऐकू येतो.

राहिला कार्यक्रम. सहावी तार ई वरून सी वर, म्हणजे ८२ वरून ६५ कंपनांवर उतरवली की तिचा ताण मूळच्या सुमारे ६३ टक्केच उरतो, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आपल्या गिटारवर ९–४२ चा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) बारीक संच होता. इतकी सैल तार जोराने छेडली किंवा जरा दाबली, तरी स्वर वर जातो. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, बारीक तारांचा आहे. जाड तारा, सेटअप आणि खालच्या ट्यूनिंगवरचा हात हा आमच्या दुसऱ्या सत्राचा विषय आहे, आणि तसे प्रवेशाच्या वेळी दिलेल्या पत्रकात नमूद आहे. आपला कार्यक्रम त्याआधी झाला.

तरीही सॉफ्टवेअरवरचा सराव म्हणजे संपूर्ण मेटल नव्हे, हे मी कोणत्याही विद्यार्थ्याला सांगेन. ब्लॅक सॅबथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी कारखान्यातील अपघातात बोटांची टोके गमावली होती; त्यांनी हलक्या तारा वापरल्या आणि १९७१ च्या अल्बममधील काही गाण्यांसाठी गिटार तीन सेमीटोन, पेटीच्या भाषेत काळी एकपर्यंत, उतरवली. तारेचा तो मऊपणा या संगीताच्या हातातच मुरलेला आहे, आणि गाणे कितीही सरकवले तरी तो बोटांना मिळत नाही. रिफ पाठ होणे, उजव्या हाताचा वेग आणि गाण्याची रचना समजणे एवढ्यासाठी सॉफ्टवेअर उत्तम आहे. रंगमंचासाठी गिटार उतरवावीच लागते.

आपले काही तास शिल्लक आहेत. ते नको असल्यास त्यांचे शुल्क परत मिळेल. यायचे ठरवल्यास त्यांपैकी दोन तासांत आपली गिटार ड्रॉप सीसाठी कायमची लावून देऊ : नटच्या खाचा, मानेतील ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी सळई) आणि स्प्रिंगांचे स्क्रू हे सर्व आपल्यासमोर. येताना ११–५४ चा नवा संच आणि ब्रिजसोबत मिळालेल्या अ‍ॅलन की आणाव्यात.

— संचालक