शांत डब्यातली चकली

कालच बर्लिनला पोचलो आणि अजून धुमसतोय.

म्युनिक ते बर्लिन, सव्वासहाशे किलोमीटर. २०१७च्या डिसेंबरात थुरिंगियाच्या डोंगरांतून नवा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि सहा तासांचा प्रवास चारांवर आला. हे सगळं तिकीट काढताना वाचलं होतं. आपली जागा शांत डब्यात, म्हणजे गप्प बसायच्या डब्यात आहे, एवढंच वाचायचं राहिलं.

न्यूरेंबर्ग गेलं, भूक लागली. गाडीच्या डब्यात मी माझा डबा उघडला. आईच्या चकल्या. पहिला तुकडा मोडला: कडाम्!

समोरच्या आजींनी पुस्तक मिटलं. बोट आधी खिडकीवरच्या चित्राकडे केलं (त्यातल्या माणसाचं बोट ओठांवर), मग माझ्याकडे. मी 'सॉरी' म्हणालो, तर तेही जरा मोठ्यानं झालं.

आता चकली मुकाट्यानं खाता आली, तर ती करणारीचा अपमान असतो. तरी मी प्रयत्न केला. तुकडा जिभेवर ठेवून लॉझेंजसारखा चघळला. ओवा आणि तीळ सुटे झाले, बाकी लगदा. हे आईला सांगायची सोय नाही. पुढे आठ किलोमीटरचा ब्लेसबेर्ग बोगदा येतो हे ठाऊक होतं. म्हटलं, आत आवाज वाढेल तेव्हा दोन चकल्या उरकू. बोगदा दोन मिनिटांत संपला. दुसरी चकली अर्धी तोंडात असताना उजाडलं, आणि आजी बघतच होत्या.

"हे काय आहे?" त्यांनी कुजबुजत इंग्रजीत विचारलं.

"तांदूळ, डाळी, मसाला. तळलेलं."

"मऊ नाही मिळत?"

काय बोलणार? उरलेली अर्धी कोटाच्या खिशात टाकली.

एर्फुर्ट सुटलं आणि आजींनी स्वतःचा डबा काढला. कच्ची गाजरं! कर्रम्, कुर्रम्, हाल्ले येईपर्यंत. मी धीर करून चित्राकडे बोट केलं.

"गाजराला आवाज असतोच," त्या म्हणाल्या.

डब्यात एकानंही मान वर केली नाही. माझ्या वेळी चार जणांनी केली होती, मी मोजलंय. त्या चित्रात फोन न् बडबड आली असेल, खाणं कुठून आलं? आणि आलं तर फक्त माझंच?

बर्लिनला गाडी जमिनीखालच्या फलाटावर लागली. आजींची बॅग वरून मीच काढून दिली. संस्कार, दुसरं काय! मग त्या गर्दीगोंगाटात खिशातली अर्धी चकली काढली आणि मुद्दाम मोठ्यानं चावली.

मऊ पडली होती.