एफटीपी चालत नाही म्हणून फोल्डरला ७७७ देऊ नका!

एफटीपी म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून वेबसाइटच्या सर्व्हरवर फाइली चढवायची पद्धत. सध्या एक मेसेज फिरतोय, ‘एफटीपी कनेक्ट होत नाही? हे पाच उपाय करा, १००% चालेल’. उपाय असे: सगळ्या फोल्डरना ७७७ परमिशन (कोणी वाचायचं, कोणी लिहायचं याची परवानगी) द्या, अँटिव्हायरस आणि फायरवॉल बंद करा, पॅसिव्ह काढून अॅक्टिव्ह मोड लावा, एन्क्रिप्शन (मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) काढून साधं एफटीपी ठेवा, आणि तरी नाही झालं तर होस्ट, म्हणजे साइट ठेवणारी कंपनी, बदला. ठाणे-नवी मुंबईतल्या घरगुती व्यवसायवाल्यांच्या एका ग्रुपवरून तो माझ्या वहिनीपर्यंत पोचला. ती नौपाड्यात राहते, फराळाच्या ऑर्डर वेबसाइटवर घेते, तिला नवीन फोटो चढवायचे होते. एफटीपी लागेना म्हणून तिने सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये, जाऊन पहिला उपाय मन लावून केला आणि चांगली चालणारी साइट बंद पडली. ऑर्डरच्या दिवसांत! म्हणून चिडून लिहितोय.

आधी ७७७, कारण सगळ्यात जास्त वाट हाच उपाय लावतो. त्यातला पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा, आणि सात म्हणजे वाचा, लिहा, चालवा, सगळी मोकळीक. शेअर्ड होस्टिंगला एका सर्व्हरवर कितीतरी लोकांच्या साइट असतात, तिथे ‘बाकी सगळे’ म्हणजे कोण ते बघा जरा. शेजारची एखादी साइट हॅक झाली तर तिथून तुमच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायला रस्ता मोकळा होऊ शकतो. म्हणूनच बऱ्याच सर्व्हरवर पीएचपीच्या (साइट चालवणाऱ्या कोडच्या) फाइलला किंवा फोल्डरला ७७७ दिसलं की सर्व्हर ती फाइल चालवतच नाही, ५०० नंबरचा एरर देतो. वहिनीचं तेच झालं.

आणि मुळात तिचा प्रॉब्लेम परमिशनचा नव्हताच! फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्रॅममध्ये वरच्या भागात लाल अक्षरात ५३० लिहून आलं होतं. एफटीपीचं मूळ स्पेसिफिकेशन म्हणजे आरएफसी ९५९, ऑक्टोबर १९८५ चं, पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांचं. त्यात सर्व्हरच्या उत्तरातल्या आकड्यांचा अर्थ सरळ दिलाय. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर तेच तसंच परत करून फायदा नाही. दुसरा आकडा २ म्हणजे कनेक्शन, ३ म्हणजे लॉगिन, ५ म्हणजे फाइल सिस्टिम. म्हणजे ५३० हे लॉगिनचं, ४२५ हे डेटा कनेक्शनचं, आणि परमिशनचा विषय फार तर ५५० ला निघतो, तोही दरवेळी नाही कारण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, चुकला तरी ५५० येतो. सर्व्हर स्वतः सांगतोय कुठे अडलंय, ते न वाचता उपाय कसले वाटताय? सीपॅनलमध्ये वेगळं एफटीपी अकाउंट काढलं की युजरनेम अॅट आणि डोमेनसकट पूर्ण टाकावं लागतं, वहिनी नुसतं पुढचं नाव टाकत होती. पूर्ण टाकलं, लागलं.

अॅक्टिव्ह मोडचा सल्ला तर उलटाच आहे. एफटीपीला दोन कनेक्शन लागतात, एक कमांडचं, सर्व्हरच्या पोर्ट २१ वर (पोर्ट म्हणजे नंबर दिलेला दरवाजा), आणि दुसरं डेटाचं, फोल्डरची यादी आणि फाइली त्यावरून येतात-जातात. अॅक्टिव्हमध्ये हे दुसरं कनेक्शन सर्व्हर तुमच्या कॉम्प्युटरकडे उघडायला बघतो, आणि घोडबंदर काय ऐरोली काय, घरच्या ब्रॉडबँडला मध्ये राउटर असतोच, वर काही कंपन्या एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक घरांत वाटतात, मग ते कनेक्शन तुमच्यापर्यंत येणार कसं? लॉगिन होतं आणि यादी येतच नाही. पॅसिव्हमध्ये दोन्ही कनेक्शन तुमच्याकडून निघतात, तेच ठेवा. पॅसिव्हमध्येही यादी अडकत असेल तर होस्टला विचारा की फायरवॉलमध्ये पॅसिव्ह पोर्टची रेंज उघडी आहे का.

एन्क्रिप्शन काढल्यावर कधीकधी खरंच लागतं, हे मान्य करावं लागेल. काही राउटर एफटीपीच्या कमांड वाचून पोर्ट उघडून देतात आणि टीएलएस, म्हणजे तेच एन्क्रिप्शन, असलं की त्यांना वाचता येत नाही. पण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, कॅफेच्या वायफायवरसुद्धा! होस्ट देत असेल तर एसएफटीपी ही फाइली चढवायची वेगळी, एन्क्रिप्शनवाली पद्धत घ्या, पोर्ट बहुतेक २२, एकाच कनेक्शनवर काम होतं.

अँटिव्हायरस बंद करायच्या आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लावून बघा. लागलं तर घरची लाइन अडवतेय किंवा चुकीचे पासवर्ड टाकून टाकून होस्टने तुमचा आयपी ब्लॉक केलाय. ब्लॉक त्यांना सांगून काढून घ्या.

होस्ट बदलायचं तर सोडाच. डोमेन क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीमागे (साइट आणि पाहुणे यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या सेवेमागे) असेल तर त्या नावावर पोर्ट २१ चालत नाही, होस्ट बदलला तरी नाही चालणार. फाइलझिलातल्या ‘होस्ट’ या रकान्यात डोमेनऐवजी सर्व्हरचं नाव किंवा आयपी टाका.

ज्यांनी ७७७ करून ठेवलंय त्यांनी आजच फाइलझिलात राइट क्लिक करून फाइल परमिशन उघडा, फोल्डरना ७५५ आणि फाइलींना ६४४ द्या, दोन्ही वेगवेगळं करा, एकत्र नाही. मग अपलोडच्या फोल्डरमध्ये ओळखीची नसलेली पीएचपी फाइल दिसतेय का ते बघा, आणि साधं एफटीपी वापरून झालं असेल तर पासवर्ड बदला.