फुकट दिलं तरी नको

काल सकाळी भंगारवाल्या मावशींनी माझ्या गाडीच्या इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं कव्हर फुकटातही घ्यायला नकार दिला. वर "ठेवा तुमालाच, कामाला येईल" अशी समजूतही घातली. याच वस्तूची किंमत शोरूमच्या काउंटरवरच्या पोराने मला साडेचार हजार सांगितली होती.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी: पावसाळा, सोसायटीचं पार्किंग, उंदीर. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला म्हणून फिटरने बॉनेट उघडलं, कव्हर उचकटलं, तर खाली भरलेलं बिऱ्हाड. कव्हरला आतून चिकटवलेला फोम कुरतडून गादी केलेली, शेंगांची टरफलं, पोळीचा तुकडा आणि कुणाच्या तरी देवघरातून पळवलेलं गेजवस्त्र. शिवाय इंजिनाची ऊब. पुण्यात एवढ्या सोयी असलेली जागा डिपॉझिटशिवाय मिळत नाही. फिटर म्हणाला, "काढूनच टाका साहेब. छप्पर गेलं की भाडेकरू गेला." सर्विस सेंटरमधला टायवाला मुलगा म्हणाला, "सर, नका काढू, कंपनीने विचार करून दिलंय." काय विचार केला ते मात्र त्याला सांगता येईना.

मी काढलं. त्याला स्क्रू वगैरे नसतात. कव्हरखालचे चार रबरी बुश इंजिनावरच्या चार गोल डोक्याच्या खुंट्यांवर दाबून बसवलेले असतात. वर ओढलं की फट्‌ आवाज होऊन सुटतं. माझे तीन सुटले, चौथा तुटला. पार्किंगमधल्या दोघांनी "आता इंजिन थंड राहील" म्हणून अभिनंदन केलं. इंजिन थंड ठेवतात ते कूलंट, रेडिएटर आणि पंखा. झाकण काढून ते थंड करणं म्हणजे टोपी काढून ताप उतरवणं. पण अभिनंदन मी स्वीकारलं. हल्ली फारसं कोणी करत नाही.

महिनाभर कव्हर बाल्कनीत पडून होतं. काल "भंगाऽऽर, रद्दीऽऽ" ऐकू आलं आणि मी ते घेऊन खाली धावलो.

मावशींनी ते हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. नखाने टकटक केली, कलिंगड बघतात तसा कान लावला आणि निदान केलं, "कडक हाय."

"म्हणजे चांगलं ना?"

"कडक म्हंजी कडक. बादली नरम असती, तिला भाव हाय. ह्याच्यात काच घालत्यात."

प्लास्टिकमध्ये काच? मला वाटलं, भाव पाडायची युक्ती असेल. मग मी कव्हर उलटं केलं. आतल्या बाजूला बारीक अक्षरं कोरली होती: पीए ६ – जीएफ ३०. म्हणजे नायलॉन, आणि त्यात तीस टक्के काचेचे तंतू. टायवाल्या मुलाला जे तीन सर्विसिंगमध्ये सांगता आलं नाही, ते मावशींनी नखाने सांगितलं.

"आन हा फोम?" त्यांनी बोट घातलं. "फोम काढून द्या, मग बघू."

मी घरातून उलथनं आणलं आणि पार्किंगच्या पायरीवर बसून फोम खरवडू लागलो. तोवर मावशींनी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची रद्दी मोजली. वहिनी उलथन्याकडे बघत होत्या. वीस मिनिटांनी अर्धाअधिक फोम निघाला. मी कव्हर पुढे केलं, तर मावशी म्हणाल्या, "गोंद ऱ्हायला."

"अहो, मग फुकट न्या."

"फुकट नेऊन ठिऊ कुठं? गाडीत जागा खातंय. वीस रुपये द्या, नेते."

इथे माझा तोल गेला. "साडेचार हजारांची वस्तू आहे ही!"

"मंग लावा की गाडीला."

या प्रश्नाचा इतका सरळ विचार आजवर कोणी केला नव्हता. मी उंदीर, गादी, गेजवस्त्र, फिटर सगळं सांगितलं. त्यांनी हातगाडीला टेकून शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, मग उंदीर गेले का?"

उंदीर गेले नव्हते. आता ते बॅटरीच्या बाजूला राहतात. वहिनी हसल्या. मी वीस रुपये दिले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता. कव्हर आणि उलथनं घेऊन जिना चढलो.

खरं तर झाकणाशी आपलं वैर असायचं कारण नाही. आमच्या घरात फ्रिजला खोळ होती, मिक्सरला झालरीची खोळ होती, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल होता आणि रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पण आईच्या खोळी धुळीसाठी होत्या आणि त्या कोणालाही काढता यायच्या. गाडीतलं कव्हर थोडंफार आवाजासाठी, थोडंफार धूळपाण्यासाठी आणि बरंचसं माझ्यासाठी आहे: मी आत बघू नये म्हणून. ऑइल, कूलंट आणि काच धुवायचं पाणी एवढीच तोंडं मला मोकळी. बाकी हप्ते माझे आणि इंजिन कंपनीचं. बाबांची प्रीमियर पद्मिनी खंबाटकीच्या घाटात तापून बसायची. बाबा इंजिनातल्या पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवायचे, आम्ही शेंगा खायचो आणि गाडी पुन्हा चालू व्हायची. आज माझ्या हातात फडका दिला तर तो ठेवायचा कुठे हेच मला कळणार नाही.

गेल्या आठवड्यात गाडी सर्विसिंगला दिली, तेव्हा जॉब कार्डावर ठळक लिहिलं: 'इंजिन कव्हर ग्राहकाने काढले.' खाली माझी सही घेतली, पोलीस चौकीत जबाब घेतात तशी. उंदरांनी खाल्लेल्या वायरिंगची नोंद मात्र 'बाह्य कारण' अशी झाली, म्हणून ते वॉरंटीत बसत नाही. त्यांच्याच फोमच्या गादीवर संसार थाटणारा उंदीर बाह्य, आणि आरोपी मी. अकरा हजार भरले. यात मला अजूनही काही विनोदी दिसत नाही.

आणि आवाज! गाडी डिझेल आहे. डिझेल फवारणारे इंजेक्टर हवेच्या दाबाच्या दीड हजार पटींहून जास्त दाबाने काम करतात आणि ते करताना टिकटिकतात, हे मला वाचून ठाऊक होतं. आता ऐकून ठाऊक आहे. कव्हर होतं तेव्हाही ते टिकटिकतच असणार, पण तेव्हा ती त्यांची खाजगी बाब होती. आता सिग्नलला थांबलो की मी गाणी बंद करून कान देतो. कालच्यापेक्षा वाढलंय का? डावीकडून येतंय का? बायको म्हणते, परत लाव. पण चौथा बुश तुटलाय, आणि तो सुटा मिळत नाही, कव्हरासकटच मिळतो.

संध्याकाळी बाल्कनीत कव्हर दिसेना. आईला विचारलं.

"माळ्यावर ठेवलंय. धूळ बसत होती, म्हणून जुन्या उशीचा अभ्रा चढवलाय त्याला."